पडद्यावरची दीदी आणि आमची रोशनी

मी एक जुना टीव्ही आहे. भिंतीवर टांगतात तो सपाट टीव्ही नव्हे. माझं पोट मागे सुटलेलं आहे आणि मला उचलायला दोन माणसं लागतात. सध्या मी इस्तारीच्या घरामागे, शेळ्यांच्या कोठ्यात, एका मोडक्या बाजेवर ठेवलेला आहे. माझ्या डोक्यावर पोत्यांची चळत आहे. एक काळी शेळी रोज अंग खाजवायला मलाच निवडते. मित्रांनो, तक्रार म्हणून हे सांगत नाही. मी कुठून बोलतो आहे ते तुम्हाला कळावं, एवढंच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. नीट आठवतं ते बल्लारपूर. तिथल्या कागद कारखान्याच्या वसाहतीत अश्वजितबाबूंच्या क्वार्टरमध्ये मी पहिली वर्षं काढली. माझ्यावर विणलेला रुमाल असायचा. रविवारी शेजारपाजारचे माझ्यासमोर दाटीवाटीने बसायचे. मग एक दिवस त्यांच्याकडे सपाट टीव्ही आला, आणि मी पलंगाखाली गेलो.

त्या उन्हाळ्यात इस्तारी क्वार्टर रंगवायला आला होता. तो मूळचा मासेमारी करणारा. गावच्या तलावातलं पाणी आटलं की रंगकाम, मातीकाम, मिळेल ते करायचा. बाबूंनी त्याला विचारलं, "इस्तारी, हा टीव्ही नेतोस का? चालू आहे." इस्तारीने मला गोंदियाच्या गाडीत चढवलं आणि सिंदेवाहीपर्यंत मांडीशी धरून नेलं. पुढे बैलबंडी. मला पुन्हा कुणी इतकं जपून धरलं नाही.

घरात त्याची बायको गिरजा होती आणि दोन मुलं. मोठी रोशनी तेव्हा दुसरीत होती, धाकटा निकेश नुकता बोलायला लागलेला. रोशनी हट्टी होती, आणि मला ती तशीच आवडली. तिला कबड्डी बघायची असायची. चढाई सुरू झाली की ती स्वतःच जमिनीवर एक पाय पुढे टाकून दम धरायची. निकेशने रिमोट घेतला तर त्याच्या दंडाला चावायची. गिरजा दोघांनाही धपाटे घालायची आणि घर भरलेलं वाटायचं.

मग ती मालिका आली. जुनीच होती, हिंदी, घरगुती विनोदाची, पुन्हा दाखवत होते. रोज संध्याकाळी अर्धा तास. त्यात एक कुटुंब होतं, एक खोडकर धाकटा होता, आणि एक मोठी दीदी. धाकट्याने फुलदाणी फोडली की दीदी म्हणायची, "पापा, मुझसे गिर गई." दीदीला राग येत नसे. तिला भूक लागत नसे. तिच्या केसांची एक बटही कधी विस्कटत नसे. घरात काहीही झालं तरी अर्ध्या तासात तिने ते निस्तरलेलं असायचं, आणि शाळेत पहिला नंबरही तिचाच असायचा. मागे न दिसणारी माणसं खदखदून हसायची.

गिरजाला ती दीदी फार आवडायची. तांदूळ निवडता निवडता ती पडद्याकडे बोट दाखवून म्हणायची, "पाय, कशी शहाणी पोरगी हाये. आवाज नाई का काई नाई."

एकदा कबड्डीचा सामना अगदी रंगात आला होता. निकेश कार्टूनसाठी रडायला लागला. रोशनीने क्षणभर दात आवळले, मग रिमोट त्याच्या हातात दिला. गिरजाने ते पाहिलं. तिने रोशनीला जवळ ओढलं, डोक्यावरून हात फिरवला आणि इस्तारीला सांगितलं, "पायलं काय जी? आपली रोशनी त्या दीदीवानी झाली."

रोशनीचा चेहरा उजळला. त्यानंतर तिने रिमोट कधी मागितला नाही.

मित्रांनो, मी ते सगळं समोरून पाहत होतो. आधी रिमोट गेला. मग मासळीचा मोठा तुकडा निकेशच्या ताटात जाऊ लागला. मग शाळेच्या कबड्डी संघाबरोबर चंद्रपूरला जायचं होतं, तेव्हा गिरजाला भाताच्या रोवणीला जायचं होतं, म्हणून रोशनीच म्हणाली, "मी नाई जात, निकेशजवळ कोन राहीन?" प्रत्येक वेळी कौतुक व्हायचं, आणि प्रत्येक वेळी ती आणखी थोडी गप्प व्हायची. माझ्यात आवाज भरपूर, पण माझा स्वतःचा एकही नाही. छपरावरच्या डिशच्या तबकडीतून जे येईल तेच मी बोलणार.

खरं ओळखलं ते निकेशने. एका संध्याकाळी तो माझ्यापुढे पालथा पडून म्हणाला, "हे दीदी खोटी हाये."

"काऊन?" गिरजाने विचारलं.

"तिले रागच येत नाई. असं कोनी रायते काय?"

"आपली रोशनी रायते ना," इस्तारी जाळं विणता विणता म्हणाला.

निकेशने बहिणीकडे पाहिलं. "तुले येते ना वं राग?"

रोशनी वेणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली होती. "नाई येत," ती म्हणाली.

ती दहावीला गेली त्या वर्षी तलावात मासळी फार कमी निघाली. आमच्याकडून बरीच माणसं जानेवारीत सिरोंच्याच्या पलीकडे, तेलंगणात मिरची तोडायला जातात. इस्तारी आणि गिरजानेही जायचं ठरवलं. गिरजाचा पाय निघत नव्हता. "पोरीची परीक्षा हाये जी, एकटी कशी सोडू?"

रोशनीने स्वतः त्यांची पिशवी भरली. "तू जा वं आई. मी हावो ना."

शेजारच्या रामाजीभाऊंना लक्ष ठेवायला सांगून ते दोघं गेले. रोशनी पहाटे उठून स्वयंपाक करायची, निकेशला शाळेत धाडायची, पाणी भरायची, मग पुस्तक घेऊन बसायची. संध्याकाळी आईचा फोन यायचा. रोशनी एकच वाक्य म्हणायची, "सगळं बराबर हाये." चंद्रपूरच्या वसतिगृहात राहून अकरावी करायची, तिथल्या कबड्डीच्या संघात जायचं, हे तिच्या मनात होतं. ते तिने फक्त निकेशला सांगितलं होतं, माझ्यासमोर, म्हणून मला माहीत.

मार्च लागला. मोहाची फुलं गळायला सुरुवात झाली, ती वेचायला अख्खी वस्ती पहाटेच जंगलात जायची. इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी निकेशला थंडी भरली. अंगावर दोन वाकळा टाकल्या तरी तो लटलट कापत होता. तेवढ्यात रामाजीभाऊ दारात आले.

"रोशनी, काई लागते काय वं? उद्या आमी सप्पा जन सकाळीच मोहाले जाऊन राह्यलो."

मित्रांनो, त्या वेळी मी चालू होतो. माझ्यावर बातम्या लागल्या होत्या. माझ्या आतून दुसऱ्याच कुणाचा आवाज जात होता आणि मला ओरडायचं होतं, सांग, पोरी, पोराला ताप आहे म्हणून सांग!

रोशनी दारात अशी उभी राहिली की आतलं अंथरूण त्यांना दिसू नये. ती हसली. "काई नाई लागत, भाऊ."

त्यानंतर आईचा फोन आला. "निकेश काय करते?"

"जेवला अन झोपला. सगळं बराबर हाये."

निकेश जेवला नव्हता.

सकाळपर्यंत ताप उतरेल असं तिला वाटलं असावं. सकाळी तो चढला. निकेश जागेपणीच बरळायला लागला, छतावर मासे दिसतात म्हणाला. रोशनीने गणवेश घातला होता, प्रवेशपत्र प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. त्याचं मन रमावं म्हणून तिने मला लावलं, कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि ती धावत बाहेर गेली. "भाऊ! काकू!" अशा तिच्या हाका मला ऐकू येत होत्या. वस्तीत कोणी नव्हतं. सगळे मोहाखाली.

ती परत आली आणि उंबऱ्यात थांबली. खांद्यावर पिशवी. एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा अंथरुणाकडे. मग तिने पिशवी खुंटीला अडकवली, निकेशला उचलून सायकलच्या मागे बसवलं, आपल्या ओढणीने त्याला पाठीशी बांधलं आणि तालुक्याच्या दवाखान्याचा रस्ता धरला. दार उघडंच राहिलं. मीही चालूच राहिलो.

पेपर सुरू व्हायच्या सुमारास माझ्यावर तीच मालिका पुन्हा लागली. घरात माणूस नव्हतं. एक कोंबडी आत येऊन सांडलेले पोहे टिपत होती. मालिकेत धाकटा आजारी होता. दीदीने रात्रभर त्याची सेवा केली, सकाळी परीक्षा दिली आणि पहिली आली. न दिसणारी माणसं टाळ्या वाजवत राहिली. मी त्या रिकाम्या घराला ते सगळं दाखवत राहिलो. माझं बटण माझ्या हातात नाही.

निकेशला मलेरिया निघाला. वेळेवर औषध मिळालं म्हणून तो वाचला. दुसऱ्या दिवशी रोशनी त्याला घेऊन घरी आली तेव्हा तिच्या गणवेशाला त्याच्या उलटीचे डाग होते. तिने आधी मला बंद केलं. आदल्या संध्याकाळी न लागलेला आईचा फोन त्या संध्याकाळी आला.

"पेपर कसा गेला वं?"

"चांगला गेला, आई."

निकेश अंथरुणातून तिच्याकडे बघत होता. फोन ठेवल्यावर ती त्याला म्हणाली, "सांगू नको. ते अर्ध्यातून येतीन. तुले माही शपथ हाये." दार उघडं का होतं म्हणून विचारायला आलेल्या रामाजीभाऊंनाही ती "काई नाई, भाऊ" एवढंच म्हणाली. उरलेले सगळे पेपर तिने दिले.

आईबाप परत आले. रोशनीचं कौतुक सगळ्या मोहल्ल्यात झालं. रोशनी मान खाली घालून भांडी घासत होती.

निकाल लागला तो रामाजीभाऊंच्या अतुलने मोबाईलवर पाहिला. त्याने वर पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. "काका, इंग्रजीत गैरहजर दाखवते."

"गैरहजर म्हंजे?" इस्तारीला कळेना. "तू गेलती ना वं?"

रोशनी वेणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसली. दारात जमलेल्या बायकांत कुणीतरी पुटपुटलं, की त्या दिवशी आपण मोहाहून परतलो तेव्हा पोरीचं घर उघडं होतं, सायकल नव्हती. एवढं पुरलं. गिरजाचा चेहरा मी पाहिला. जी पोरगी कधी चुकत नाही ती एकदाच चुकली, तर लोक थेट वाईटातलं वाईटच धरतात. वाह्यात मुलीला कुणी "काय झालं" म्हणून तरी विचारलं असतं.

"कुठी गेलती तू?" गिरजा तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "कोनासंग गेलती? मी तुले त्या दीदीवानी समजत होती, अन तू..."

"नाई हावो मी तिच्यावानी!"

तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. रोशनी उठली, तिने माझी वायर दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. मी टेबलावरून खाली आलो. आत काहीतरी फुटलं. मला लागलं, मित्रांनो, पण मी खरं सांगतो, मला राग आला नाही.

"मले राग येते!" ती ओरडत होती. "रोज येते! निकेशले मलेरिया झालता. घरी कोनी नोतं. मी त्याले दवाखान्यात नेलं. मलेबी पेपर द्यायचा होता. मले चंद्रपूरले जायचं होतं!"

निकेश रडायला लागला. "खरं हाये आई. तिनं मले शपथ घातलती."

दारातल्या बायका एकेक करून निघून गेल्या. गिरजा खाली बसली, माझ्या शेजारीच. तिने विचारलं, "मले फोन काऊन नाई केला वं?"

"तू म्हनली असती, एवढंबी नाई जमलं काय."

"मी असं म्हनली असती?" गिरजाने इस्तारीकडे पाहिलं. तो जाळं उचलून तलावाकडे निघून गेला, कोरड्या तलावाकडे.

दुरुस्तीवाल्याने मला पाहून मान हलवली. तेव्हापासून मी या कोठ्यात आहे. इथून दिसत काही नाही, फक्त ऐकू येतं. रोशनी पुरवणी परीक्षेत पास झाली. पण तोवर वसतिगृहातल्या जागा भरून गेल्या होत्या. आता ती तालुक्याच्या कॉलेजात सायकलने जाते. तिथे मुलींचा कबड्डीचा संघ नाही. ती गेलेली गोष्ट कुणाला परत आणता आली नाही, मला तर नाहीच.

लवकरच भंगारवाला येईल. त्याआधी एक विनंती करतो. मित्रांनो, तुमच्या घरात एखादं मोठं भावंड असेल, कधी न रुसणारं, कधी काही न मागणारं, तर त्याला नुसतं शहाणं म्हणून मोकळे होऊ नका. ते "काही नाही" म्हणालं, तरी दारातून परत फिरू नका. दोन पावलं आत जा आणि अंथरुणाकडे बघा. माझ्यासारख्याला पाय नसतात, तुम्हाला आहेत.

काल संध्याकाळी घरातून बोलणं ऐकू आलं. गिरजा म्हणत होती, "रोशनी, निकेशले वाढ, अन मंग तेवढे भांडे घासून टाक."

"आज नाई घासत," रोशनी म्हणाली. "मले कंटाळा आला."

मी कान टवकारले. शेळीही रवंथ करायची थांबली असावी.

"बरं," गिरजा म्हणाली. थोड्या वेळाने भांड्यांचा आवाज आला, आणि निकेशची कुरकुर.