पुट्टीखालचा नंबर

पैज लागली ती भीमराजच्या दारात. सगळी आळी गाडी बघायला जमली हुती. मी आपलं सवयीनं तोंड घातलं, "पोळ्याच्या आत ह्या गाडीला नंबर मिळत न्हाई."

"मिळतो," भीमराज म्हनला.

"लाव पैज."

"लावा."

आता पैज कशाची, तर अजिनाथ न्हावी मधी पडला. असल्या कामात त्याचं डोकं लई चालतं. म्हनला, "हरंल त्यानं बाजाराच्या दिवशी सदरा काढायचा. पोट रंगवून घ्यायचं. गहिनीनाथ हरला तर गाडीचा नंबर, भीमराज हरला तर 'नंबर न्हाई'. आन ष्टँडापसनं बाजारतळापर्यंत तोंडानं हॉर्न वाजवत चालायचं."

मी माझ्या पोटाकडं बघितलं, मग भीमराजच्या. त्याच्या पोटावर दोन शब्दबी मावले नसते. माझ्यावर अख्खं वर्तमानपत्र बसलं असतं. तरी मी हात पुढं केला.

मी गहिनीनाथ पेंटर. जामखेडात ट्रक रंगवितो. ऊसतोडीच्या टोळ्या न्यायच्या आधी समदे ट्रक पासिंगला जात्यात, त्याच्या आधी ते माझ्याकडं येत्यात. लोकांना फसवायचं काम मी फुकट करतो. एकदा पोस्टमनच्या सायकलीवर 'ज्वालाग्राही' लिहिलं, तर तिला आठ दिवस कुनी हात लावला न्हाई.

भीमराज माझा शेजारी, माझ्याहून बारा वर्सांनी ल्हान. बाप लवकर गेला. आई भिमाबाईनं दुसऱ्याच्या रानात खुरपून त्याला इंजिनियर केला. जपानात सहा वर्सं नोकरी केली आन सत्त्यान्नव साली कायमचा परत आला, आई एकटी म्हनून. कायमच्या परतनाऱ्याला तिथं वापरलेली सोताची गाडी जकात भरून आनता यायची. त्यानं सहा वर्साची समदी शिल्लक त्या जकातीत वतली आन सुबारू आनली. पुढनं मोटार, मागनं लांबलचक, बॉनेटवर बैलाच्या नाकपुडीवानी भोक. त्यातनं वारं आत जातं आन गाडी पळत न्हाई, उडती, असं तो सांगायचा. अशा गाड्या जपानातबी थोड्याच, म्हनं.

"ॲम्ब्युलन्स हाय व्हय रं?" मी इचारलं हुतं.

"तुलाच न्यायला आनली," भिमामावशी म्हनली. म्हातारीची जीभ माझ्यापरीस धारदार.

पोळा चार दिवसांवर आला आन भीमराजला नगरच्या आरटीओची तारीख मिळाली. आदल्या दुपारी तो गाडी घेऊन माझ्याकडंच आला. "दादा, बंदरात उतरवताना बंपरला खरचटलंय. एवढं टच करून द्या. मी जेवून येतो."

मांजराला कुनी दुधाची राखन देतं व्हय?

बंपर धा मिनिटात झाला. मग मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर चॅसी नंबर ठोकलेला हुता. पासिंगला साहेब त्या नंबरावर कागद ठिवून पेन्सिल घासतो, नंबर उमटतो, तो कागदपत्राशी जुळवून बघतो. न्हाई दिसला तर म्हनतो, 'धुऊन आन, फुडच्या आठवड्यात ये.' माझ्या ट्रकवाल्यांना हे शंभरदा म्हनलेलं. फुडच्या आठवड्यात म्हंजी पोळा गेला. म्हंजी पैज माझी. मग मी पुट्टी पुसनार, समद्यांम्होरं भीमराजला सांगनार, आन आळी वरीसभर हसनार.

पातळ पुट्टी वढली. सुकली. वरनं चंदेरी रंगाचा फवारा. असं बेमालूम काम की मीच बोट फिरवून नंबर हुडकला. बॉनेट लावलं आन एकटाच हसलो.

मंगळवारी सकाळी तिघं निघालो. मावशी मागं बसली, नवं लुगडं नेसून. मला भीमराजनंच बोलावलं, "तुमची आरटीओत वळख हाय, दादा, चला." आष्टीच्या फुडं सरळ रस्ता लागला आन त्यानं पाय दाबला. माझी पाठ शिटाला चिकटली. काट्याकडं बघितलं तर एकशेतीस. समोरची बैलगाडी ल्हान हुती ती एकदम मोठी झाली.

"भीमराज! आरं बैल!"

"बघितला, दादा."

"बैलानं बघितला का तुला?"

मागं मावशी खुदुखुदू हसत हुती. मला वाटलं आज ह्याच्यापरीस जास्त भ्या वाटायचं न्हाई.

आरटीओत इन्स्पेक्टर साहेब चाळिशीचे, चष्मेवाले. गाडीभवती दोनदा फिरले. चार एजंट, दोन शिपाई, ट्रकवाले, समदे गोळा झाले. साहेबांनी बंदरावरचे कागद चाळले, मान हलवली, बॉनेट उघडायला लावलं. पेन्सिल कानामागनं काढली. वाकले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"नंबराचा पंच कुठाय?"

"सर, मागच्या पत्र्यावर," भीमराज म्हनला, वाकला, आन तसाच ऱ्हायला.

मी मनात म्हनलं, आता 'धुऊन आना'. आता म्हनतील.

साहेबांनी पत्र्यावरनं बोट फिरवलं. मग नख. मग नाक जवळ नेलं.

"ताजा रंग हाय हा."



"सर, तिथं प्लेटवर पन नंबर आहे," भीमराज म्हनला.

"प्लेट कुनीबी बसवतो हो. चार रिबिटं मारली की झालं." साहेबांनी चष्मा काढला. "परदेशी गाडी. पंच खोडून वर रंग मारलाय. ही गाडी ह्या कागदावरचीच कशावरनं? मुंबईत चोरीच्या अशाच फिरत्यात. गाडी आवारातच ऱ्हाईल. शिपाई, पोलीस ठान्याला फोन लावा. कस्टमलाबी कळवावं लागंल."

"सर, मी स्वतः चालवलीय ही. तीन वर्षं."

"ते ठान्यात सांगा. चावी द्या."

भीमराजनं चावी दिली. पन ती त्याच्या हातातनं सुटंना झाली. जो मानूस बैलगाडीम्होरं एकशेतीसला थंड हुता त्याच्या. ट्रक आन जपानी गाडी ह्यातला फरक मला तवा कळला. आमच्या ट्रकाचा नंबर झाकला तर घान. ह्याचा झाकला तर गुन्हा.

हसू कवाच गेलं हुतं. बोललो तर मी आत. गप बसलो तर तो आत. एक वाट दिसत हुती: हळूच फाटकातनं बाहीर, येष्टी, जामखेड. खरं सांगतो, मी फाटकाकडं दोन पावलं टाकलीबी.

तेवढ्यात कुनीतरी मनगट धरलं. भिमामावशी.

"गहिनीनाथ, काय म्हनतोय रं त्यो सायेब? माझ्या लेकाला कुठं नेनार हायेत?" आन माझ्याकडं बघून म्हनली, "तू हायेस म्हनून धीर हाय बाबा."



"सायेब," मी म्हनलो. "सायेब, त्यो रंग म्या मारलाय."

साहेबांनी चष्मा परत घातला.

"तुमी कोन?"

"पेंटर. जामखेडचा. पैज लागली हुती, सायेब. नंबर खोडला न्हाई. खाली हाय. वरनं पुट्टी हाय."

भीमराज माझ्याकडं बघत ऱ्हायला. रागानं नव्हं. वळख न पटल्यावानी. मावशीनं माझं मनगट सोडलं.

साहेब शिपायाला म्हनले, "फोन थांबव जरा." मग मला, "काढून दाखव. पन ऐक. एक जरी आकडा खरवडला गेला, तर नंबरात फेरफार म्हनून लिहीन. मग ह्यांच्यासंगं तूबी."

समोरच्या गॅरेजातनं पेलाभर थिनर आनलं. चिंधी भिजवली. खरवडायला पातं लावायची सोय न्हाई, निस्तं चिंधीनं भिजवायचं, थांबायचं, पुसायचं. तीस वर्सं हात चालला, त्या दिवशी चिंधी दोनदा खाली पडली. मागं समदे उभे. घाम डोळ्यात जात हुता, आन पुसायचा तर हाताला थिनर.

पयलं इंग्रजी अक्षर दिसलं. मग दुसरं. मग पाचाचा आकडा. मग आडवी रेघ. मग आकडे, एकेक. शेवटून दुसरा आकडा निघाला तो तीन हाय का आठ तेच कळंना. साहेब कागदाकडं बघत म्हनले, "काय हाय तो?"

"कागदात काय हाय, सायेब?"

"तू सांग."

अजून एकदा भिजवलं. थांबलो. फुंकलो. डाव्या अंगाला पुट्टीचा एक कन अडकला हुता, तो विरघळून खाली वघळला. आठ.

"आठ," मी म्हनलो. रडायलाच आलं हुतं.

साहेबांनी कागद ठिवला, पेन्सिल घासली, उमटल्यालं बंदराच्या कागदाशी जुळवलं. एकदा. दोनदा. मग मला टेबलाशी नेऊन पानभर जबाब लिहून घेतला, माझ्याच हातानं, 'मस्करी' ह्या शब्दाखाली रेघ मारून. सही झाल्यावर म्हनले, "तुझे जामखेडचे समदे ट्रक मी आता धुवायला लावनार बघ." आन भीमराजला चावी दिली. चार वाजता नंबर मिळाला, एम. एच. सोळानं सुरू हुनारा.

येताना गाडी चाळीसनं चालली. दोघंबी म्होरचा रस्ता बघत ऱ्हायली. मला ती एकशेतीस बरी वाटली असती. दारात उतरताना भीमराज येवढंच म्हनला, "शनिवारी बाजार आहे, दादा."

शनिवार आला. ष्टँडावर ही गर्दी. अजिनाथनं समद्या गावाला आवतन दिलं हुतं. मी सदरा काढला, पोरं शिट्ट्या मारू लागली. भीमराजनं काळ्या रंगाचा डबा आन ब्रश आनला. माझाच ब्रश. पन लिहिना. त्यानं ब्रश भिमामावशीच्या हातात दिला.

मंगळवारपसनं म्हातारी माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. सकाळी राम राम घातला तर भिंतीकडं बघायची. भिताड बरं, मी न्हाई. ती जवळ आली. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली, एकेक अक्षर जपून काढनारी. ब्रश गार लागला. आरटीओत वाटलं तसंच वाटाय लागलं. कारन पुरं गाव हुतं, आन तिला वाटलं असतं तर ती तिथं काय वाटंल ते बोलली असती, आन मला ऐकून घ्यावं लागलं असतं.

तिनं पयलं अक्षर काढलं. दुसरं काढलं. थांबली. चार बोटं मागं सरून बघितलं. मी भ्यानं पोट आत वढून धरलं हुतं.

"पोट सोड की मुडद्या," भिमामावशी म्हनली, "सोळा बसंना झालंय."

मी सोडलं. ती हसली, ब्रश पुन्यांदा बुडवला. आन मी बाजारतळाकडं तोंड करून सगळ्या ताकदीनं हॉर्न वाजवला.