निळं पिंप

ताईचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. कारखान्याच्या कँटीनमध्ये ती मुख्य आचारी, पण त्या सोमवारी तिचं अर्धं लक्ष कोठीवाल्याशी भांडण्यात होतं. भांडता भांडता तिने बटाट्याच्या सुपात मीठ घातलं. भांडण संपलं, तशी पुन्हा घातलं. मग चव घेतली आणि तोंड वाकडं करून थुंकली.

आता सांगणार कुणाला? "बाई, पुन्हा अन्न वाया गेलं तर घरी बसायचं," असं साहेबांनी मागच्याच महिन्यात बजावलं होतं. आणि मोरी नेमकी साहेबांच्या खिडकीखाली! मागच्या दाराशी मात्र निळं पिंप उभं होतं. उरलंसुरलं अन्न त्यात जायचं, आणि रोज दुपारी तिची सख्खी धाकटी बहीण ते टेम्पोत घालून आपल्या डुकरांसाठी न्यायची. ताईने अख्खं पातेलं बादलीबादलीने त्यात ओतलं, वर पावाचे तुकडे पसरले. डुकरांना कसली आलीय चव, असं म्हणून बाईसाहेब नवं सूप करायला वळल्या.

बुधवारी दुपारी धाकटीचा फोन आला. "ताई, डुकरं वेड्यासारखी करतायत गं! भिंतीला डोकं टेकून उभी राहतायत, गोल गोल फिरतायत. मला भीती वाटतेय. ये ना."

ताईने हातातलं काम टाकून बस पकडली. नसेल, ते नसेल, दुसरंच काही खाल्लं असेल, असं ती बसमध्ये स्वतःला सांगत राहिली. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही.

शेडमध्ये सतरा डुकरं होती आणि एकही ओरडत नव्हतं. तीच शांतता भयंकर होती. एक आडवं पडून पाय झाडत होतं. कोपऱ्यात गाभण मादी उभी होती. सगळ्यांत जुनी, म्हणून धाकटी तिला 'मोठी' म्हणायची. मोठी जिभेने कोरडी दगडी कुंडी चाटत होती.

"सोमवार संध्याकाळपासून मोटार बंद होती," धाकटी जनावरांच्या डॉक्टरांना सांगत होती. "पातळ खाणं होतं म्हणून भागलं. आत्ता चालू झालीय, सोडू का पाणी?"

"थांबा. काही खारट खाल्लंय का त्यांनी? नीट आठवून सांगा," डॉक्टर म्हणाले. "मीठ चढलं असेल तर पाणी घोट घोट द्यायचं. एकदम प्यायली तर मेंदू सुजेल, हातची जातील. तसं नसेल तर खुशाल सोडा."

"खारट? छे! पिंप माझ्या ताईच्या हातचं असतं, डॉक्टर. मी तर आत काय आहे तेही बघत नाही. तासभर उकळते नि घालते." धाकटीचा हात नळावर गेला.

ताई मनातल्या मनात स्वतःला म्हणत होती, सांग, अगं भवाने, सांग! पण डोळ्यांसमोर साहेब उभे राहिले, कँटीनचं दार उभं राहिलं, आणि त्याहून वाईट म्हणजे धाकटीचा चेहरा. कुंडीत पाणी धो धो पडलं. मोठीने त्यात डोळ्यांपर्यंत तोंड बुडवलं.

"बंद कर!" ताई किंचाळली. "मीठ होतं गं! मी दोनदा घातलं होतं. मीच पिंपात ओतलं!"

डॉक्टरांनी नळ बंद केला, कुंडी कलंडवली. धाकटीने आतून दोन डाव आणले नि एक ताईच्या हातात दिला.

मग दिवस मावळेपर्यंत दोघी बहिणी डावाने पाणी वाटत होत्या. एका डुकराला एक डाव, मग थांबायचं, मग पुन्हा एक. तहानलेली जनावरं अंगावर येत होती, ताईच्या पदराला तोंड लावून चोखत होती, आणि तिला हात आखडावा लागत होता. प्रत्येक वेळी तिला वाटे, हे आता पडणार. सोळा जगली. मोठी मात्र संध्याकाळी एकदा ताठ झाली आणि पोटातल्या पिल्लांसकट गेली.

ताईची नोकरी शाबूत राहिली. साहेबांना कुणी काही सांगितलं नाही, धाकटीनेसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला तेव्हा ताई मागच्या दारात घाबरून उभी होती. नाही आला तर काय, याचीही तिला तेवढीच भीती वाटली होती. धाकटी खाली उतरली, पिंपाचं झाकण उघडलं. आत पावाचा लगदा, कुणाचा तरी उष्टा भात, भाज्यांची सालं. तिने घरून आणलेला डाव बुडवून भरला आणि ताईपुढे धरला.

"आधी तू."

ताईने डाव तोंडाला लावला आणि गिळलं. "बरं आहे मीठ," ती कशीबशी म्हणाली.

धाकटीने तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं, मग झाकण लावलं. त्या दिवसापासून डाव टेम्पोतच असतो.