आठ दिवस लेर्खनबाखला

“चौथ्या दिवशी झोपडीत राहायचं?” दादारावांनी कागदावर बोट ठेवत विचारलं.

“हट म्हणतात तिला. डोंगरावरची धर्मशाळा समजा. गरम जेवण मिळतं, पांघरूण मिळतं.”

“झोपडीतनं निघालो ते अमेरिकेत आलो. आता पैसे भरून परत झोपडीत,” ते म्हणाले. पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही, आणि मीराला तेवढं पुरेसं होतं.

मार्चमधला रविवार होता. श्रूजबरीच्या त्यांच्या घरामागे अजून करडा बर्फ साचून होता आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीरा रोकडेने ऑस्ट्रियातला जुलै मांडून ठेवला होता. टायरॉलमधलं लेर्खनबाख नावाचं गाव. एक चर्च, एक बेकरी, एक तळं, वर जाणारा रोपवे आणि चहूबाजूंना डोंगर. आठ दिवसांचा तक्ता तिने स्वतः आखला होता. पहिल्या दिवशी तळ्याभोवती सपाटीवरून चार किलोमीटर. दुसऱ्या दिवशी रोपवेने अर्ध्या डोंगरावर आणि तिथून कुरणांमधून चालत पुढच्या वाडीपर्यंत. तिसऱ्या दिवशी नदीकाठाने बॅटरीच्या सायकली. चौथ्या दिवशी वरच्या हटवर मुक्काम, दुसऱ्या सकाळी शेजारच्या हटवर, मग उतरण आणि एक अख्खा दिवस नुसतं पोहणं. प्रत्येक दिवसापुढे चढ किती, वाटेत बाकं कुठे, जवळचं हॉस्पिटल किती मिनिटांवर, हे सगळं लिहिलेलं होतं. शेवटच्या रकान्यात दादारावांच्या नाडीचे ठोके लिहायला जागा मोकळी ठेवली होती.

मीरा अठ्ठावन्न वर्षांची होती. वूस्टरच्या एका डायलिसिस सेंटरमध्ये बावीस वर्षं नर्स. सोळा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीत चार तास यंत्राला जोडलेलं माणूस. कुणाचं ब्लडप्रेशर कितव्या मिनिटाला खाली येणार हे तिला त्या माणसाच्या चेहऱ्यावरून कळायचं. नव्या मुली तिला घाबरायच्या आणि अडलं की तिलाच शोधायच्या. एवढ्या वर्षांत तिने सुट्ट्या घेतल्या होत्या, पण प्रत्येक सुट्टी भारतात गेली. कधी लग्न, कधी सासूबाईंचा मोतीबिंदू, कधी नेरळच्या घराचं छप्पर. दुसऱ्यांच्या वस्तूंनी भरलेल्या बॅगा न्यायच्या आणि सर्दी घेऊन परत यायचं. नुसतं हिंडायला म्हणून ती कधीच कुठे गेली नव्हती.

ऑक्टोबरात तिच्या नवऱ्याची, दादारावांची, बायपास झाली. ते त्रेसष्ट वर्षांचे, एका विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात होते. ऑपरेशननंतर त्यांनी नोकरी सोडली. जखम छान भरली, रिपोर्ट चांगले आले. पण पूर्वी स्वतःच्या दारातला बर्फ उपसून वर शेजाऱ्याचाही उपसणारा हा माणूस आता टपालपेटीपर्यंत जायचा आणि परत यायचा. मग खिडकीजवळच्या खुर्चीत, उजवा तळवा छातीवर ठेवून दिवसभर बसायचा. फेब्रुवारीत डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चाला, चढा, तुम्हाला काहीही मनाई नाही. त्याच दवाखान्यात वाट बघताना मीराला एका मासिकात एक पान दिसलं. हिरव्या उतारावर काठ्या टेकत चाललेलं, पिकल्या केसांचं एक जोडपं. तिने पानाचा फोटो काढून घेतला. त्या दिवसापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. दादाराव या डोंगरांवर चालतील, घाम गाळतील, भूक लागली म्हणून ओरडतील आणि खुर्चीत बसून राहणारा तो माणूस मागे श्रूजबरीतच राहील, असा तिचा हिशेब होता.

सेंटरमध्ये या बेताचा एक भागीदार होता. वॉल्टर, पंचाहत्तरीचा, आयुष्यभर पोस्टमन होता. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सातव्या नंबरची खुर्ची. मीरा त्याच्या हातात सुई टोचत असताना तो विचारायचा, आज आपण कुठपर्यंत आलो? मग ती त्याला नकाशा द्यायची. पोस्टमनच तो, कुठल्या वाटेने गेलं तर चढ कमी लागेल, हे तो बोटाने शोधून काढायचा. दुसऱ्या दिवशीची वाट त्यानेच बदलून दिली होती.

मुलीचं, उपासनाचं, मात्र वेगळं मत होतं. ती रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये होती आणि आई-बाबांना बसने सात देश दाखवणारी टूर भेट द्यायला तयार होती. बारा दिवस, रोज भारतीय जेवण, कुठे चढायचं नाही. मीराने नाही म्हटलं तेव्हा तिने निदान बुकिंगचे फॉर्म तरी नीट भरू दे म्हणून एप्रिलमध्ये एका संध्याकाळी व्हिडिओ कॉल लावला.

“हट टू हट लगेज ट्रान्सफर आहे. मी यस केलंय,” उपासना म्हणाली.

“नो कर.”

“आई, प्लीज. सहा-सात किलो वजन घेऊन चढणार तू? यू आर फिफ्टी-एट.”

मीरा म्हणाली, “तुझे आजोबा माथेरानला हमाल होते, माहितीये ना तुला?”

उपासनाला ते माहीत होतं. पण पुढचं मीराने तिला कधी सांगितलं नव्हतं. दस्तुरीला गाड्या थांबायच्या आणि तिथून लोकांचे होल्डॉल, ट्रंका डोक्यावर घेऊन मीराचे वडील हॉटेलांपर्यंत पोचवायचे. मे महिन्याच्या सुट्टीत मीरा त्यांच्याबरोबर जायची, हातात एखादी पाण्याची सुरई नाहीतर फळांची करंडी घेऊन. एकदा एका बाईंनी वडिलांना विचारलं, सूर्य बुडताना कुठल्या पॉइंटवरून छान दिसतो? वडिलांनी वाट नीट समजावून सांगितली, कुठे वळायचं, कुठे घसरायला होतं, सगळं. परतताना दहा वर्षांच्या मीराने त्यांना विचारलं, तिथून काय काय दिसतं? ते म्हणाले, मी कुठे गेलोय तिथे? लोक सांगतात ते ऐकून सांगतो.

“मी म्हटलं, का नाही गेलात?” मीरा सांगत होती. “तर म्हणाले, ओझं हॉटेलपर्यंतच जातं, पोरी. चाळीस वर्षं माणूस डोंगरावर होता. चाळीस वर्षं.”

पडद्यावर उपासनाने फॉर्म पुन्हा त्या ओळीपाशी आणला.

“माझं ओझं मी नेईन,” मीरा म्हणाली, “आणि पॉइंटपर्यंत नेईन. नो कर.”

उपासनाने नो केलं.

मे महिन्यात झाडांना पालवी फुटली तेव्हा मीराने सरावाला वाचुसेटचा डोंगर निवडला. अर्ध्या तासावर होता, दोन हजार फूट, शाळेची पोरंसुद्धा चढतात असा. तिने काठ्या आणल्या, दादारावांना नवे बूट आणले. ते निमूट गाडीत बसले, निमूट बूट बांधले. पहिली वीस मिनिटं ते तिच्या मागे चालत होते. मग मागून येणारा पावलांचा आवाज थांबला. ते वाटेकडेच्या एका खडकावर बसले होते, चेहरा घामाने भिजलेला, तळवा छातीवर.

मीरा दोन ढांगांत खाली आली आणि तिने त्यांचं मनगट धरलं. नाडी व्यवस्थित होती. त्यांनी हात सोडवून घेतला.

“दुखत नाहीये काही,” ते म्हणाले. “भीती वाटते. पाऊल उचललं की आत कुठेतरी टाका उसवेल असं वाटतं. डॉक्टर म्हणतो उसवणार नाही. तू म्हणतेस उसवणार नाही. मला कळतं सगळं. तरी वाटते.”

“म्हणून तर हळूहळू करायचं. आज इथपर्यंत, पुढच्या शनिवारी—”

“मीरा, सोळा खुर्च्या आहेत ना तुझ्याकडे? मला सतरावी नको देऊस.”

दोन मुलं त्यांच्या कुत्र्यामागे धावत वर गेली. दादारावांनी टोपी काढली, घाम पुसला. आवाज न चढवता ते बोलत राहिले. ऑपरेशन झाल्यापासून घरात जे शिजतं, जे बोललं जातं, जे ठरतं ते सगळं त्यांच्या छातीसाठी असतं, असं त्यांना वाटत होतं. त्या तक्त्यातसुद्धा त्यांच्या नाडीला रकाना होता. त्यांना कधीतरी बरं व्हायचं होतं, पण कुणी बघत नसताना.

मग त्यांनी विचारलं, “माझं सोड. तुला जायचंय का तिथे? तुला स्वतःला?”

नाही, तुमच्यासाठीच तर, असं काहीतरी तिच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला जाणवलं की लेर्खनबाखच्या बेकरीची वेळ, हटवरून पहाटे दिसणाऱ्या शिखरांची नावं तिला तोंडपाठ होती, आणि ती तिने कुणाच्याही छातीसाठी पाठ केली नव्हती.

“हो,” ती म्हणाली.

“मग जा.”

आपण एवढ्या शहाण्या, आणि घरातल्या माणसाच्या चेहऱ्यावरचं आपल्याला वाचता आलं नाही, हे मीराला आठवडाभर लागून राहिलं होतं. गुरुवारी तिने वॉल्टरला सांगितलं की बहुतेक सगळं कॅन्सल होतंय. तो म्हणाला, असं करू नकोस, अर्धा रस्ता मी पाठ केलाय. मग यंत्राच्या पडद्याकडे बघत त्याने सांगितलं, की तीन वर्षांत तो या शहरातून दोन दिवसांहून जास्त बाहेर गेलेला नाही. तक्रार नव्हती. हवामान सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कामावर निघण्यापूर्वी मीराने लेर्खनबाखला फोन लावला. लॉजच्या मालकीणबाई, फ्राउ मोझर, मोडक्या इंग्रजीत बोलल्या. दोघांची खोली एकटीसाठी बदलता येईल का, असं मीराने विचारलं. माळ्यावरची एक लहान खोली आहे, जिना अरुंद आहे, बाई म्हणाल्या. आणि जरा थांबून त्यांनी विचारलं, तुमचे यजमान आजारी आहेत का?

“नाही,” मीरा म्हणाली. “ते घरी आहेत.”

हेच उत्तर तिला पुढे बऱ्याच ठिकाणी द्यावं लागलं. बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात खीर वाढताना पद्मजाताईंनी तिला बाजूला घेतलं. त्या वयाने आणि मानाने मोठ्या. माणसाची बायपास झालेली आणि तू एकटी डोंगर चढायला निघालीस, लोक काय म्हणतील, असं त्यांनी प्रेमानेच विचारलं. मीराने त्यांच्या वाटीत आणखी एक डाव खीर घातली आणि सांगितलं की ते आजारी नाहीत, आणि लोकांना ती परत आल्यावर फोटो दाखवणार आहे.

तक्ता तिने पुन्हा आखला. नाडीचा रकाना काढला. चौथ्या दिवसाचा चढ तीनशे मीटर होता, तो सातशे केला. हटच्या वर एक खिंड होती, तिथपर्यंत. दर शनिवारी ती पाठीवर सहा किलो घेऊन वाचुसेट चढू लागली. दादाराव गाडी चालवत तिला पायथ्याशी सोडायचे आणि पेपर वाचत थांबायचे. पहिल्या वेळी तिला दीड तास लागला. जूनअखेर पन्नास मिनिटं.

अशाच एका शनिवारी परतताना सिग्नलला गाडी थांबली असता दादारावांनी सांगितलं की हॉस्पिटलच्या हृदयरोग्यांच्या व्यायामवर्गात त्यांनी नाव घातलंय. आठवड्यातून तीन दिवस. ट्रेडमिल, हलकी वजनं. दोन वेळा जाऊनही आले होते.

मीराच्या जिभेवर दहा प्रश्न आले. कोण शिकवतं, मॉनिटर लावतात का, वेग किती ठेवतात.

“बारा जण आहोत,” ते म्हणाले. “कुणी कुणाला ओळखत नाही. घाबरलो तरी चालतं तिथं.”

“किती वाजता असतो?” तिने एवढंच विचारलं.

“दहाला.”

“बरं.”

सिग्नल हिरवा झाला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, एका लख्ख दुपारी ते तिला बॉस्टनच्या विमानतळावर सोडायला आले. गाडी पार्क करून आत येतो म्हणाले, पण आदल्या दिवशीच उपासनाने फोनवर बजावलं होतं, बाबा, ड्रॉप करा आणि निघा, तिथे थांबू देत नाहीत. म्हणून निरोप फुटपाथवरच झाला. पोळ्या फ्रीझरमध्ये आहेत हे मीराने सांगितलं नाही, कारण तिने केल्याच नव्हत्या. हटवर रेंज नसेल, एक दिवस फोन लागणार नाही, घाबरू नका, एवढं सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मग त्यांनी तिच्या खांद्यावरचा पट्टा पिळला होता तो सरळ केला आणि म्हणाले, “ये जाऊन.”

ती काचेच्या दारातून आत गेली. वळून पाहिलं तेव्हा मागच्या टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला आणि त्यांची गाडी पुढे सरकली.

तपासणीच्या रांगेत तिच्यापुढे एक जोडपं होतं. नवऱ्याच्या हातात दोघांचे पासपोर्ट, तिकिटं, सगळं. बायको मोकळ्या हातांनी इकडेतिकडे बघत होती. मीराला आठवलं, इतक्या वर्षांत तिचा पासपोर्ट कधी तिच्याकडे नसायचाच. तो दादारावांच्या शर्टाच्या खिशात असायचा, त्यांच्या पासपोर्टला चिकटून, आणि खिडकीशी पोचलं की ते दोन्ही एकदम पुढे करायचे. ऑफिसर आधी त्यांच्याकडे बघायचा, मग तिच्याकडे.

जोडपं पुढे गेलं. काचेमागच्या तरुण ऑफिसरने हात पुढे केला आणि तिच्या मागे नजर टाकली, आणखी कुणी आहे का म्हणून.

“एकटीच,” मीरा मराठीत म्हणून गेली. मग हसली, पासपोर्ट त्याच्या हातात दिला आणि कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहिली.