लिटरला सहा

"पेट्रोल गाडी पिती का ड्रायव्हर, येवढं एकदा ठरू द्या," छगन म्हणाला, आणि आपण काही बोललोच नाही अशा थाटात चंचीत सुपारी शोधू लागला.

भाजीपाला सोसायटीच्या बैठकीला अकरा पंच बसले होते. दहा हसले. अकरावा छगन स्वतः, आणि आपल्या बोलण्यावर आपण हसायचं नाही एवढी अक्कल त्याला होती. दाराशी, चपलांच्या ढिगाशेजारी, सूर्यभान उभा होता. बैठकीत बसायचा मान त्याला नव्हता, पण ज्याच्याबद्दल बोलायचं त्याला समोर उभं करून बोलायची चाल होती.

सूर्यभान सोसायटीची पिकअप चालवायचा. गाडी जीपच्या जातीची, सोसायटीकडे आली तेव्हाच म्हातारी. वांगी, गवार, लिंबं भरून आठवड्यातून तीनदा शेवगावमार्गे करंजीच्या घाटाने नगरच्या मार्केटात जायचं आणि उन्हं कलायच्या आत परत यायचं. जाऊन येऊन एकशे तीस किलोमीटर. पूर्वी हा फेरा पंधरा लिटरांत व्हायचा. गेलं दीड वर्ष बावीस लागत होते. म्हणजे लिटरला सहा किलोमीटरही धड नाहीत. तरी कुणी मनावर घेतलं नव्हतं. मग अरबांनी तेल आखडलं, पेट्रोल भडकलं, आणि गावात एकाएकी सगळ्यांना भागाकार येऊ लागला.

"म्या चमचाभर घेतलं आसंल तर माजे हात झडतील," सूर्यभान म्हणाला.

"हात ऱ्हाऊ दे. वरचं सात लिटर गेलं कुटं, ते सांग."

चेअरमन रंगनाथआबांना कुठलीही बाजू घेण्याआधी पाणी लागायचं. ते तांब्याभर प्याले.

"टाकीला सील लावा," सूर्यभान म्हणाला. "भाऊसाहेबांना संगं धाडा. मंग कळंल."

"आन् तरी बावीस लागलं तर?"

"तर गाडीच चोर. इकून टाका तिला."

"आन् पंधरा लागलं तर?" छगनने विचारलं.

याचा विचार सूर्यभानने केला नव्हता. गाडी इतकी बिघडलेली होती की पंधराची त्याला भीतीच नव्हती.

दोन दिवस तो पिकअपच्या बॉनेटमध्ये कमरेपर्यंत बुडाला. प्लग काढून पॉलिश पेपरने घासले. ते काजळीने बायकोच्या, लंकाबाईच्या, तव्यासारखे झाले होते. एअर फिल्टर रॉकेलमध्ये धुतला. चाकांत हवा भरली. मागच्या फाळक्याखाली साठलेली मणभर माती खरवडून काढली. आता बाविसाचे वीस झाले तरी देव पावला, असं त्याने धरलं.

"आवो, आंगुळ करून जा," लंकाबाई म्हणाली. "भाऊसाहेब शेजारी बसनार हायेत."

तिने नेहमीप्रमाणे आठ भाकरी बांधल्या. नवरा चार खायचा. उरलेल्या चार 'वाटंत कुनी भेटलं तर' म्हणून असायच्या आणि रोज कुणीतरी भेटायचंच. त्यावर पितळी डबा भरून सुकट, पाच कांदे, आणि खताच्या गोणीतून शिवलेली, बैलाने ओढली तरी फाटणार नाही अशी पिशवी.

भाऊसाहेब म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी यज्ञेश्वर जोशी. पेन्सिल कानावर, छत्री बारा महिने. त्यांनी शेवगावच्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घेतली, झाकणाला दोरा गुंडाळला, लाख वितळवली आणि सोसायटीचा शिक्का असा दाबला की जणू तालुक्याच्या खजिन्याला कुलूप घातलं. मग ते पुढच्या सीटवर बसले. दोन मिनिटांत त्यांचा हात नाकाकडे गेला.

"सूर्यभान, हे काय टांगलंयस माझ्या तोंडासमोर?"

"माजी शिदोरी, भाऊसाहेब."

"काय आहे तीत?"

"सुकट."

"मागे टाक. आत्ता टाक. नाहीतर मी मागे वांग्यांत बसतो."

पिशवी मागे वांग्यांत गेली.

त्या दिवशी गाडीने जे केलं ते सूर्यभान जन्मात विसरणार नव्हता. करंजीचा घाट, जो ती पहिल्या गिअरात रडत, काळा धूर सोडत चढायची, तो ती दुसऱ्यात चढली. सूर्यभान स्टिअरिंगवर ताल धरून ओरडला, "बगा भाऊसाहेब! बगा कशी उड्या मारती!" यज्ञेश्वरांनी छत्री घट्ट धरली. संध्याकाळी पंपावर टाकी पुन्हा गळ्यापर्यंत भरली. पंधरा लिटर. सील जागच्या जागी.

सूर्यभान आनंदाने हसला. मग हळूहळू त्याचं हसू बंद झालं.

गावात बातमी त्याच्या आधी पोचली होती. सील लावलं की पंधरा, नाही लावलं की बावीस. यापुढे कुणाला काही सिद्ध करायची गरजच उरली नव्हती.

"पिलग घासलेत म्या," तो सांगत सुटला. "फिल्टर धुतलाय."

"मंग आता कायमचं पंधराच लागंल," छगन गोड आवाजात म्हणाला.

पुढच्या फेरीला भाऊसाहेब नव्हते. एकवीस लिटर लागले. त्याच्या पुढच्या फेरीला पुन्हा बावीस. पंप शेवगावचा, पावती सोसायटीची. लपवणार तरी काय? रंगनाथआबा दोन तांबे पाणी प्याले आणि त्यांनी निरोप धाडला: शनिवारच्या बैठकीत किल्ली जमा कर.

त्या दिवशी लंकाबाईने त्याला विचारलं नाही की तुम्ही घेतलं का. तिने विचारलं, "भाऊसाहेब शेजारी आसल्यावरच गाडी नीट का चालती?"

"बामन बसल्यावर सोवळ्यात येत आसंल."

"मंग सुकट खाऊ नका तुमी. म्या झुनका करते."

हसावं की नाही हे त्याला कळेना. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, त्याला कार्बोरेटर काय आणि सुकट काय, यातला फरक समजत होता. तरीही शुक्रवारच्या फेरीला डब्यात झुनका होता. माणसाचं नाव जायला लागलं की तो कशालाही हात घालून बघतो.

सकाळीच तो यज्ञेश्वरांच्या दारात जाऊन उभा राहिला. "भाऊसाहेब, येक डाव आजून या. सील लावा. सुकट न्हाई, झुनका हाय."

यज्ञेश्वर आले. माणूस चोख होता. एका उदाहरणावरून उत्तर काढायचं नसतं हे त्यांना पटत होतं. या खेपेला पिशवी समोर टांगलेली होती आणि तिला वास नव्हता, तेव्हा त्यांनी काही हरकत घेतली नाही.

घाट पहिल्या गिअरात. धूर काळा. नगरला मार्केटाबाहेरच्या पंपावर यज्ञेश्वरांनी स्वतःच्या हाताने सील तोडलं आणि टाकी भरून घेतली. पासष्ट किलोमीटरला अकरा लिटर.

"भाऊसाहेब, आता तुमीच साक्षीदार," सूर्यभान म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "म्या गाडीतून खाली तरी उतरलो का?"

"नाही उतरलास." यज्ञेश्वरांनी कानावरची पेन्सिल काढली, परत ठेवली. "आधी जेव. उपाशीपोटी मला हिशेब जमत नाही, तुला रडणं जमणार नाही."

त्यांनीच हात लांब करून पिशवी काढली. ती इतकी जड निघाली की त्यांनी दोन्ही हात लावले. पिशवी निघाली आणि तिच्यामागे डॅशबोर्डातून बोटभर बाहेर आलेलं एक काळं बटण उघडं पडलं.

"ही खुंटी गाडीबरोबरच आली का रे?"

"खुंटी न्हाई ती. चोक हाय. सकाळी विंजन गार आसलं की वढायचा, म्हंजे पेट्रोल जास्त येतं. गरम झालं की परत आत ढकला..."

त्याने बटण आत ढकललं. मग आठ भाकऱ्यांची पिशवी यज्ञेश्वरांच्या हातातून घेतली, बटणाला अडकवली आणि गाडीत बसल्या बसल्या दोन्ही पायांनी खालचा पत्रा हलवला, जशी गाडी खड्ड्यांतून हलते. बटण सावकाश, अगदी लाजत, बोटभर बाहेर आलं.

यज्ञेश्वरांनी ते छत्रीच्या टोकाने परत आत ढकललं.

"दीड वरीस," सूर्यभान म्हणाला. "आदी पिशवी सीटवरच ऱ्हायची."

"मग खुंटीवर का आली?"

"शिटावर मालवाले बसाय लागले. छगनराव येकदा माज्या भाकरीवर बसले, ते करंजीपात्तूर बसून हुते. उटले तवा भाकरीचं पीठ झाल्तं. तवापास्नं टांगतो."

यज्ञेश्वर जोशी हसले. छत्री खाली पडली, पेन्सिल पडली, तरी ते हसतच होते. सूर्यभान आधी बघत राहिला, मग तोही लागला. मार्केटातल्या हमालांना वाटलं, यांची वांगी फारच चढ्या भावाने गेली. त्या दिवशी यज्ञेश्वरांनी जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली. दोन खाल्ल्या.

परतीला सव्वासात लिटर लागले.

"मी असं सांगतो," गाव जवळ आलं तसे यज्ञेश्वर म्हणाले. "कार्बोरेटरकडे पेट्रोल जास्त जात होतं, दोष सापडला, दूर केला. यात खोटं काहीच नाही."

सूर्यभानने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

शनिवारी बैठकीत यज्ञेश्वरांनी तसंच सांगितलं. पंच माना डोलावू लागले. सील होतं तरी जास्त लागलं, म्हणजे चोरी नव्हती, विषय मिटला. रंगनाथआबांनी पाणीसुद्धा मागवलं नाही.

"मिटला न्हाई," सूर्यभान चपलांजवळून म्हणाला. "चोरी म्या केली न्हाई. पन पेट्रोल माज्यामुळंच गेलं. चोकला म्या शिदोरी टांगत हुतो. फेऱ्याला सात लिटर, आठवड्याला यकवीस. दीड वरसाचं भाऊसाहेबांनी करावं. पगारातून कापा."

क्षणभर कुणालाच समजलं नाही. समजलं तेव्हा बैठक कोसळली. "आरं, भाकरी पेट्रोल पीत हुती!" एकजण गडाबडा लोळला. रंगनाथआबांना ठसका लागला. सगळ्यांत मोठ्याने छगन हसत होता, मांडीवर थापा मारत.

"भाऊसाहेब, करा की गुणाकार," आबा डोळे पुसत म्हणाले.

"एवढा मोठा गुणाकार मला येत नाही," यज्ञेश्वर म्हणाले. बेचाळीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं. "पण सीटवरची पिशवी खुंटीवर का गेली, हे कुणी विचारेल तर सांगतो."

"ऱ्हाऊ द्या भाऊसाहेब," सूर्यभान घाईने म्हणाला.

पण छगनची थाप मांडीच्या वर हवेतच थांबली होती. करंजी त्याला आठवली असावी. तो उठला, कुणाकडे न बघता बाहेर पडला, आणि जाताना आबांच्या वहाणा घालून गेला. कापाकापीचं पुढे कुणी नाव काढलं नाही. गावाने मात्र आठ दिवस सूर्यभानला सोडलं नाही. पोरंसोरं विचारायची, "मामा, आज गाडीला भाजी काय?" तोही सांगायचा, "मेथी."

चैत्रात छगनच्या लेकीचं, बनूचं, लग्न निघालं. लग्नाच्या दोन दिवस आधी तो सूर्यभानच्या अंगणात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तर बसला नाही.

"पाठवनीला शेवगावची जीप सांगितली हुती," तो म्हणाला. "मोडली."

"बिगाडली का?"

"न्हाई. सांगितलेली मोडली. बनू म्हन्ती, पिकअपमधीच जानार."

बनू असलं काही म्हणाली नसणार, हे सूर्यभानला कळत होतं. त्याने विचारलं नाही. "धुऊन आनतो," एवढंच म्हणाला.

लंकाबाईने सीटवर आपली लग्नातली शाल अंथरली. बनू तीवर बसली, शेजारी नवरा, मागे करवल्या आणि पेट्या. बायकांचं रडून झालं, वाजंत्री थांबली. सूर्यभानने इंजिन सुरू केलं. एका हाकेत सुरू झालं.

छगन खिडकीशी आला. पोरीकडे बघणं त्याला जमेना, म्हणून तो ड्रायव्हरच्या बाजूला वळून आला.

"हळू ने," तो म्हणाला. "लागंल तेवढं लागू दे."

सूर्यभानने गाडी पहिल्या गिअरात टाकली. छगनने मडगार्डवर हात ठेवला आणि बरोबर चालू लागला. जाडजूड माणूस, धाप लागलेली. गाव संपलं. विहीर गेली, मोरी गेली. मागे चालणारी माणसं एकेक करून थांबली. पहिल्या गिअरात गाडी सगळ्यांत जास्त पेट्रोल खाते, हे आता त्यांतल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. फुफाट्याने छगनचं नवं धोतर गुडघ्यापर्यंत मळलं. त्याचा हात काही मडगार्डवरून निघेना, आणि सूर्यभानने काही गिअर बदलला नाही.