ढोलाचा पट्टा

मला मळ खपत नाही. आमचे हे चाळीस वर्षं ढोल वाजवत गावोगाव हिंडले आणि मी चाळीस वर्षं त्यांच्यामागे फडकं घेऊन हिंडले. "अगं, एकदा मलाही दोरीवर वाळत घाल," म्हणायचे.

ते जाऊन सहा महिने झाले, तेव्हा संग्रहालयातून फोन आला. लोककलावंतांच्या दालनात यांचा ढोल ठेवायचाय, उद्या बघायला येतो म्हणाले. मग काय विचारता! परक्या माणसासमोर तो मळकट ढोल ठेवायचा? सकाळीच साबणाचं पाणी केलं आणि घासायला बसले. कातड्यावर उजवीकडे एक काळा डाग होता, तो भलताच चिवट निघाला. पण मीही काही कमी नाही. दुपारपर्यंत ढोल कसा लख्ख!

संग्रहालयातली बाई आली. पोरसवदा, चष्मा, हातात पांढरे हातमोजे. ढोल बघितला आणि तिचा चेहराच पडला.

"काकू, हा पुसलात?"

"पुसला? चांगला घासलाय!"

तिने कातड्याच्या उजव्या बाजूला बोट ठेवलं. "आमच्याकडच्या फोटोत इथे त्यांच्या पंजाचा ठसा होता. बोटंसुद्धा मोजता येत होती. मी त्यासाठीच आले होते."

चाळीस वर्षं तो हात तिथे पडत होता, आणि मी अर्ध्या दिवसात तो मोरीत सोडून दिला. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. "मग आधी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?" मी तिच्यावर खेकसले. बिचारीने चष्मा काढून पुसला.

मग म्हणाली, "ढोल आम्ही नेऊच. पण तो मागच्या खोलीत राहील. नव्यासारखा ढोल काचेत ठेवून लोकांना काय दाखवणार? त्यांच्या वापरातलं, न धुतलेलं दुसरं काही आहे का?"

"या घरात? न धुतलेलं?" दारात उभी असलेली माझी सून फिस्सकन हसली.

"नाही," मी म्हणाले.

खोटं बोलले. ढोल गळ्यात अडकवायचा पट्टा होता. माझ्याच जुन्या लुगड्याचं कापड दुमडून शिवलेला. घामाने कडक झालेला, खांद्याच्या जागी मिठाचे पांढरे डाग. सहा महिने तो माझ्या उशीच्या खोळीत होता. सुनेला कळलं तर जन्मभर चिडवील, म्हणून लपवला होता. त्यात नाक खुपसलं की हे घरातच आहेत असं वाटायचं. तो कसा देऊ कुणाला?

बाई ढोल कापडात गुंडाळायला लागली. असा घासूनपुसून काढलेला तो कुणाचाही वाटत होता. माझ्याच्याने ते बघवेना. उठले, आतून उशीच घेऊन आले, खोळीतला पट्टा काढला आणि तिच्या हातात कोंबला.

सुनेने पट्ट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चिडवलं नाही. नुसता पाठीवर हात ठेवला.

बाईने पट्टा दोन्ही तळव्यांवर धरला. "यात त्यांचा खांदाच आहे, काकू. ढोल काचेतच ठेवू, आणि हा त्याला लावून."

"ठेवा. आणि हे बघा," मी बोट रोखून म्हणाले, "तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला बजावून ठेवा. धुवायचा नाही. अजिबात धुवायचा नाही!"

ती गेल्यावर सून चादरी धुवायला काढू लागली. माझ्या उशीच्या खोळीला तिने हात लावला नाही.