रेघेखालची रेघ

नवरा गेल्यावर तिने त्याचीच नोकरी धरली, तेव्हा सासरच्यांनी कपाळावर हात मारून घेतला. पवनचक्कीचा मनोरा कोसळून माणूस गेला, आणि ही बाई पुन्हा पवनचक्कीतच चढते म्हणजे काय? पण कुणाला सांगणार? घरात त्याचा फोटो होता, शर्ट होते, तो नव्हता. तो होता वर, शिडीच्या टोकाशी.

मनोऱ्याचे दोन अवाढव्य तुकडे जिथे जुळतात, तिथे बोल्टांची गोल रांग असते. नट आवळला की त्याच्यावरून खालच्या लोखंडापर्यंत रंगाची सरळ रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, आणि बघणाऱ्याला कळतं. त्याच्या रेघेला शेवटी उगाचच एक शेपूट असायचं. उरलेल्या मनोऱ्यांत ती शेपटं अजून तशीच होती. ती चढायची, दम खायची आणि त्यांच्यावरून बोट फिरवायची. वारा वाढला की मनोरा डुलायचा, आतली हवा घुमायची, आणि मागून कुणीतरी शिडीवर पाय ठेवल्यासारखं वाटायचं. तिला बरं वाटायचं.

चौकशीत साहेबांनी आधी त्याच्यावरच ढकललं होतं. नट ढिले होते म्हणे. ही पडली खमकी. त्याच्या हातचा नट ढिला राहणारच नाही, असं ऐकवून ऐकवून तिने सगळ्यांचं डोकं उठवलं. शेवटी खापर वादळावर फुटलं आणि त्याचं नाव स्वच्छ राहिलं.

आज मधल्या जोडावर बोट फिरवताना रंगाचा थर जाड लागला. तिने बॅटरी तिरपी धरली. रेघेच्या कडेने पुसट अशी जुनी रेघ डोकावत होती, तुटलेली, नटावरचा तुकडा सरकलेला. तिच्याही पलीकडे आणखी एक. सगळ्यांना शेपूट.

एकच नट परत परत सैल होतो, म्हणजे जोडच नीट बसलेला नाही. मग वाऱ्याचा प्रत्येक हिसका बोल्ट सोसतो आणि आतल्या आत चिरत जातो. आवळून तो बरा होत नाही. चक्की थांबवायची, बोल्ट बदलायचा, जोड तपासायचा. हे त्यानेच तिला घरी कामाच्या गप्पा मारताना शिकवलं होतं. आणि स्वतः मात्र आवळलं, पुसलं, नवी रेघ ओढली. इथे केलं, म्हणजे कोसळलेल्या मनोऱ्यातही केलं असणार.

खाली तिचा धाकटा दीर होता, आता तिचा कामातला जोडीदार. उद्या या जोडावर त्याची पाळी होती. तिने वायरलेस उचलला.

"भावजी, चक्की बंदच ठेवा. इथला बोल्ट गेलाय. एकावर एक रेघा आहेत, तुमच्या दादाच्या."

खरखरीतून दिराचा आवाज आला.

"वहिनी, हे बाहेर आलं तर चौकशी पुन्हा उघडेल. दादाचं काय उरेल मग? आवळा, पुसून टाका, नवी रेघ ओढा. कोण बघतंय?"

भावाभावांचे आवाज सारखे असतातच. पण हे शब्दही त्याचेच होते. इथेच बसून, स्वतःशी, प्रत्येक वेळी तो हेच म्हणाला असेल. तिला पहिल्यांदाच त्या मनोऱ्यात भीती वाटली.

"उद्या तुम्ही चढणार आहात इथे," ती म्हणाली.

"चढेन की. दादा नाही का चढायचा?"

तिला रडू कोसळलं. मग तिने वायरलेस ऑफिसकडे वळवला. दीर खालून ऐकत होता. तिने चक्कीचा नंबर सांगितला, जोड सांगितला.

"कुणाच्या हातचं काम आहे हे?" पलीकडून विचारलं.

"माझ्या नवऱ्याच्या," ती म्हणाली. "पडलेल्या मनोऱ्यातलंही त्याचंच होतं."