दारापुढचा काळा चौकोन

माझी गिऱ्हाइकं काळ्या रंगाला घाबरतात. खोली लहान दिसेल, धूळ दिसेल, घरात कुणी गेल्यासारखं वाटेल. घरं सजवण्याचा धंदा माझा, पण सल्ले त्यांचे! अहो, काळा कुणाचं वाईट करत नाही, तो फक्त कडा खातो. छत काळं करा, सगळे पाइप आणि वायरी गडप. बेढब खांब काळा करा, नजर त्याच्यावर थांबतच नाही. मी स्वतः नखशिखांत काळंच घालते. सकाळी विचार करावा लागत नाही, आणि पोटही आत जातं.

माझ्याजवळ राहणारी आई हळूहळू सगळं विसरत चालली होती. आधी चष्मा, मग शेजारी, मग मी. मला ती ‘बाई’ म्हणायची, अहो-जाहो करायची. पाय मात्र धडधाकट. दार उघडं दिसलं की निघालीच. एकदा भर रस्त्यात ट्रकसमोर उभी सापडली. ड्रायव्हरच्या शिव्या मी निमूट ऐकून घेतल्या. कुलूप लावलं, तर दार बडवून बडवून तिने मुठी सोलवटून घेतल्या. थोरल्या भावाने, दादाने, फोनवर सांगून टाकलं की तिला आता वृद्धाश्रमात ठेवू, हे तुला झेपणार नाही. माझं डोकंच फिरलं. काय वाट्टेल ते झालं तरी मी तिला घरातून हलवणार नव्हते.

मागे एका दवाखान्याचं काम करताना तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आईसारख्या विसरणाऱ्या पेशंटना काळी फरशी खड्डा वाटू शकते. तिथे आम्ही काळ्या फरशीचा एक तुकडाही घातला नव्हता. घरी मी नेमकं उलटं केलं. दाराच्या आत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, काळाकुट्ट गालिचा अंथरला. चमक नसलेला, पडेल तो उजेड गिळणारा.

आई काठाशी आली, वाकून पाहिलं आणि मागे सरकली. दार सताड उघडं होतं. माझा जीव भांड्यात पडला. मोठ्या तोऱ्यात दादाला कळवलं, कुलूप नाही की कडी नाही, नुसता काळा गालिचा, तिला तो खड्डा वाटतो.

"म्हणजे घरात विहीर खणलीस," तो म्हणाला.

मी फोन आपटला. पण त्या दिवसापासून आई भिंतीला धरून चालू लागली, आणि जेवतानाही तिचं लक्ष दाराकडे असायचं. ते मला दिसत होतं. मी न दिसल्यासारखं केलं. कुणी आलं-गेलं की तिला आतल्या खोलीत न्यायचं, एवढं पथ्य मी सांभाळायला येणाऱ्या मावशींना घालून दिलं.

एका दुपारी काम लवकर आटोपलं आणि मी न कळवता घरी आले. मावशी बाथरूममध्ये होत्या. मी गालिच्यावर उभी राहून बुटांचे बंद सोडायला वाकले, तर समोर आई. चेहरा पांढराफटक. मला आधी काही उमगेना. मग मी खाली पाहिलं. काळे बूट, काळी पँट, काळा गालिचा. माझे पाय मलाच वेगळे दिसेनात. तिच्या लेखी मी कमरेपर्यंत खड्ड्यात होते, आणि वाकत होते म्हणजे आणखी खाली चालले होते.

"चिमे," ती म्हणाली. माझं लहानपणचं नाव. "हलू नकोस. मी येते."

अगं खड्डा नाहीये, तू थांब, असं मी सांगत राहिले. तिने ऐकलं नाही. भिंत सोडली, गाऊन गुडघ्यापर्यंत उचलला, डोळे गच्च मिटले आणि पाय टाकला. पावलाने चाचपत माझ्यापर्यंत आली. मी तिला घट्ट धरलं आणि हमसून हमसून रडायला लागले. तिला माझ्या रडण्याशी घेणंदेणं नव्हतं. माझे हात सोडवून ती माझ्या मागे गेली आणि दोन्ही तळव्यांनी मला घराच्या दिशेने रेटू लागली.

"तू आधी वर चढ," ती म्हणाली. "माझं मग बघू."

मी गुडघा उंच उचलून चढले. मग वळून तिला हात दिला.

गालिचा त्याच दिवशी फेकला. आता कामाचं टेबल दाराशी आणलंय, आणि मी भडक पिवळा शर्ट घालून तिथे बसते. आई पुन्हा मला ‘बाई’ म्हणते. दादा वृद्धाश्रमाचं विचारतो, तेव्हा मी आता फोन आपटत नाही, ऐकून घेते.